इनामगावची बाळं आणि त्यांचे दात

इनामगावचं नाव निघालं की लोकांना आधी पाय नसलेले सांगाडे आठवतात. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे ताम्रपाषाणयुगीन गाव खणून काढलं. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून पुरायचं आणि घोट्याखालचे पाय तोडायचे, अशी जोर्वे काळातली, म्हणजे या वस्तीच्या जोर्वे नावाने ओळखल्या जाणाऱ्या टप्प्यातली, रीत. मेलेल्याने भूत होऊन परत येऊ नये म्हणून, असं सांगतात. असेलही. पण हाडं एवढंच सांगतात की पाय नाहीत. का नाहीत, ते आपण ठरवतो.

मला विचाराल तर खरा ऐवज लहान मुलांच्या दफनांत आहे. दोनशेहून अधिक दफनांपैकी बहुतेक मुलांचीच. घराच्या जमिनीखाली खड्डा घेऊन दोन करडे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ. काळ ठरवायला कोळशातला कार्बन-१४ पुरतो. त्याचं प्रमाण ५,७३० वर्षांत निम्मं होतं, आणि त्या हिशेबाने इथली वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० मधली. बाळाचं वय मात्र दातच सांगतात.

दुधाच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास तयार होऊ लागतं. रोज एक सूक्ष्म थर चढतो. एकदा चढलेला थर शरीर पुन्हा बदलत नाही; हाड बदलतं, एनॅमल नाही. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एक गडद रेघ दिसते. ती जन्माच्या वेळची. बाहेरच्या जगात आल्याचा धक्का एनॅमल बनवणाऱ्या पेशींनाही बसतो. ती रेघच नसेल, तर बाळ जन्मत:च किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत गेलेलं. रेघेपुढचे थर मोजले की ते किती जगलं तेही कळतं. आजारपण किंवा उपासमार आली की थर नीट बसत नाही आणि दातावर आडवी खाच राहते.

इ.स.पू. १०००च्या सुमारास इनामगावात ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. दिवस फिरल्याचा हा पुरावा मानला गेला, पण झोपडी लहान म्हणजे पोट रिकामं असं थोडंच आहे? जुन्या सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मग मुलांची हाडंच मोजली. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची आणि जाडीवरून वजन काढता येतं, वय दातांवरून. उत्तर जोर्वे काळातल्या, म्हणजे या झोपड्यांच्या काळातल्या, मुलांची वाढ खुंटलेली निघाली.

एक प्रश्न हाडांना विचारून उपयोग नसतो: मुलगा की मुलगी? वयात येण्याआधी कटीच्या हाडांत तो फरक भरवशाने दिसत नाही, आणि आपल्या उष्ण हवेत डीएनए फार टिकत नाही. एनॅमलमधली प्रथिनं त्यापेक्षा चिवट. त्यातलं एक, अमेलोजेनिन, एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवरून थोड्या वेगळ्या रूपात बनतं. दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित विरघळवला तरी तपासणीपुरतं प्रथिन मिळतं. वायचं रूप सापडलं तर मुलगा. नाही सापडलं तर लगेच मुलगी म्हणता येत नाही. नमुन्यात प्रथिन पुरेसं होतं का, हे आधी पाहावं लागतं.