आपल्या पाटात नाव का चालली नाही

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की घराघरांत सुट्टीचा विषय निघतो. मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगावहून थेट एर्नाकुलमला नेते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. त्यामुळे बाहेर उन्हाचा पारा पंचेचाळिशीकडे निघाला की केरळच्या हाउसबोटीचा बेत हमखास पुढे येतो. हा बेत करणाऱ्यांना एक प्रश्न पडायला हवा. कालवे आपल्याकडेही आहेत, तळी आहेत, धरणं आहेत. मग नावेतून चार दिवस भटकायला तेवढ्या लांब का जायचं?

खान्देशात कालवा म्हणजे पाट. आमच्या गावी आवर्तन सुटल्याची, म्हणजे पाटाला पाळीचं पाणी सोडल्याची, बातमी पोरांना पाटकऱ्याच्या आधी कळायची. पाठीला वाळलेला भोपळा बांधून आम्ही पाटात उड्या टाकायचो. पाणी आम्हाला ओढत मोरीपर्यंत न्यायचं, तिथं काठाचं गवत धरून बाहेर यायचं. त्या ओढीतच या प्रश्नाचं उत्तर आहे. आपला पाट वाहावा म्हणूनच खोदलाय. बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत पाणी आपोआप उतरत जावं, एवढंच त्याचं काम. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीत, काही शतकं हेच चालत आलं: दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, पाण्याची पाळी सांभाळायला पाटकरी आणि फडाची राखण करायला जागल्या. गिरणेवरचा जामदा बंधारा ब्रिटिश काळातला, गिरणा धरण 1969 चं. दोन्हींचे कालवे त्याच हिशेबाचे. आवर्तन संपलं की पाट कोरडा. मग त्यात नाव कुठून चालणार?

तापीनेही वाट दिली नाही. पावसाळ्यात लाल पूर, उन्हाळ्यात खडक आणि वाळू. मुखाशी सुरतेसारखं बंदर असूनही खान्देशचा माल तिथवर बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जायचा. 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि कापूस मुंबईकडे वळला. जलमार्ग बांधण्याची गरज कुणाला उरलीच नाही.

केरळात हाउसबोटी फिरतात त्या कुट्टनाड भागात सगळं उलटं आहे. तिथली कित्येक भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. वेंबनाड सरोवराच्या कडेला चिखलाचे बांध घालून माणसांनी ती जमीन पाण्यातून काढली. 1940 च्या दशकात जोसेफ मुरिक्कन यांनी काढलेली चित्तिरा, मार्तांडम ही शेतं आजही दाखवतात. आपली मोटार विहिरीतलं पाणी शेतात आणते, तिथली मोटार शेतातलं पाणी कालव्यात फेकते. नावेत बसलं की भाताची खाचरं आपल्या पायांच्याही खाली दिसतात. पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदकी पाहिलेल्या शेतकऱ्याने हे एकदा डोळ्यांनी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

ते कालवे म्हणजे तिथले रस्ते. पाणी जवळपास एका पातळीवर, त्यामुळे कुठल्याही दिशेने नाव ढकलता येते. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी 18 व्या शतकात अलेप्पीचं (आताचं आलप्पुळा) बंदर उभं केलं आणि समुद्रकाठ सरोवराशी जोडायला कालवे खोदवले. मसाले, भात, नारळ त्यातून यायचे. 1859 मध्ये जेम्स डॅरा याने तिथं काथ्याचा पहिला कारखाना काढला. पुढे 20 व्या शतकात कोचीचं बंदर मोठं झालं आणि अलेप्पीची रया गेली.

आज जिला आपण हाउसबोट म्हणतो ती या मालवाहतुकीचीच नाव. केट्टुवल्लम: केट्टु म्हणजे बांधणं, वल्लम म्हणजे नाव. फणसाच्या जातीतल्या आंजिलीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, खिळा एकही नाही, आणि वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल. अशा नावेतून टनावारी भात जायचा. ट्रक आले, नावा रिकाम्या पडल्या. 1990 च्या आसपास त्यांवर खोल्या चढल्या आणि पर्यटक आले. 1993 मध्ये कोल्लम ते कोट्टपुरम हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 3 म्हणून जाहीर झाला.

या पाण्याने माणसंही नेली आहेत. मल्याळी कवी कुमारन आशान 16 जानेवारी 1924 च्या रात्री कोल्लमहून अलेप्पीकडे जाताना पल्लनाजवळ बोट उलटून गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. जवळजवळ शंभर वर्षांनी, 7 मे 2023 ला, ऐन सुट्टीत केरळातल्याच तानूरला खच्चून भरलेली बोट बुडाली आणि 22 जण दगावले. म्हणून आत्या-मामा-मावशी मिळून वीस जणांचा बेत असेल तर दोन बोटी घ्या, आणि लाइफ जॅकेट मोजल्याशिवाय पाय ठेवू नका.

मे महिन्याची आणखी एक गोष्ट. समुद्राचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बांध उन्हाळ्याचे काही महिने बंद असतो. आतलं पाणी गोडं आणि साचलेलं राहतं, त्यात जलपर्णी माजते आणि अरुंद कालवे अडतात. ठरवण्याआधी बोटवाल्याला बांध उघडलाय का, एवढं विचारा. मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव कोसळतो, तेव्हा सकाळ वाया घालवू नका. संध्याकाळी मासेमारांची जाळी पडतात, त्यामुळे साडेपाचच्या सुमारास हाउसबोट काठाला बांधतात. रात्रभर प्रवासाची आशा धरू नये.

माझं मत विचाराल तर एक रात्र हाउसबोटीत पुरे. दुसऱ्या दिवशी राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटीने अलेप्पीहून कोट्टायमला जा. अडीच तास लागतात, तिकीट अगदी थोडं. दर धक्क्यावर कुणी पिशवी घेऊन चढतं, कुणी दप्तर सावरत उतरतं, आणि बोट पुढच्या धक्क्याकडे निघते.