प्रीलोड सैल केला की बाइक बुटकी होते? अर्धंच खरं आहे

चालवणाऱ्याची उंची कमी असली की पहिला सल्ला ठरलेला, मागचा प्रीलोड (म्हणजे सस्पेन्शनची स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवली आहे ते) पूर्ण सैल कर, सस्पेन्शन मऊ होईल आणि पाय टेकतील. पाय थोडे जास्त टेकतात हे खरं, पण मऊ वगैरे काही होत नाही, स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा प्रीलोडने बदलतच नाही, फक्त तुम्ही बसल्यावर बाइक किती खाली दबते ते बदलतं. यालाच सॅग म्हणतात. मागचं चाक हवेत असताना अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या जागेपर्यंत टेप लावा, मग हेल्मेट-जॅकेटसकट पूर्ण रायडिंग गिअर अंगावर घालून बसा आणि परत मोजा, जो फरक येईल तो सॅग. रस्त्यावरच्या बाइकला तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे सस्पेन्शन जेवढं वर-खाली हलू शकतं त्या अंतराच्या, साधारण एक तृतीयांश असावा, ट्रॅव्हल १५० मिमी असेल तर ५० च्या आसपास. त्याहून खूप सैल केलं की खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आदळतं, आणि बाइक मागूनच दबल्यामुळे हँडल सुस्त होतं, हेडलाइट झाडांवर.

वजन कमी असेल आणि प्रीलोड मिनिममवर असूनही बाइक दबत नसेल तर सरळ मऊ स्प्रिंग घ्या.

लोअरिंग लिंक (बाइकचा मागचा भाग खाली आणणारा बदली जोड) लावलीत तर पुढचे फोर्कही त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवा, म्हणजे पुढूनही बाइक खाली येते, आणि साइड स्टँड छोटा करायला विसरू नका, नाहीतर बाइक उभीच राहते आणि पलीकडे पडते.

खरं तर आधी सीट बघा. पुढून फोम अरुंद केला की मांड्या कमी फाकतात, सस्पेन्शनला हातही न लावता पाय खाली पोचतो. आणि दोन्ही टाचा टेकायलाच पाहिजेत असं कोणी सांगितलं, एक पाय नीट टेकला तरी भागतं.