रोबो स्वतः एक टाकाही घालत नाही

'येथे रोबोटिक सर्जरी होते' अशी पाटी वाचून अनेकांना वाटतं, आत यंत्रच सुरी चालवतं. जगभर वापरात असलेलं 'दा विंची' यंत्र मात्र आपल्या मनाने काहीच करत नाही. सर्जन टेबलापासून काही फुटांवर कन्सोलमध्ये, म्हणजे यंत्र चालवायच्या कक्षात, डोकं खुपसून बसतो. बोटं कड्यांत, पाय पेडलवर आणि डोळ्यांसमोर पोटाच्या आतलं त्रिमितीय चित्र. तो बोटं हलवतो तशी पेशंटच्या पोटातली साधारण 8 मिलिमीटर जाडीची अवजारं हलतात.

मग फरक काय? दुर्बिणीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत अवजारं सरळ दांड्यांसारखी असतात. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. रोबोच्या अवजाराला टोकापाशी मनगट असतं. ते वळतं, गोल फिरतं. सर्जनच्या हाताचा बारीक कंप संगणक गाळून टाकतो आणि हाताची मोठी हालचाल आत छोटी करून पोचवतो. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग एकमेकांना शिवायचे असतात, तेही ओटीपोटाच्या अरुंद तळाशी. तिथे हे मनगट खरं कामाला येतं.

एक गोष्ट मात्र हरवते, ती म्हणजे स्पर्श. धागा किती ताणला गेलाय हे बरीच वर्षं सर्जनला हाताला कळत नसे, नजरेनेच ओळखावं लागे. ताणाची जाणीव देणारी अवजारं 2024मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत मिळाली. खर्चाचं म्हणाल, तर बहुतेक अवजारांना वापराची मर्यादा ठरलेली असते. ती संपली की यंत्र ते अवजार घेतच नाही, मग ते कितीही धडधाकट दिसो. पेशंटच्या बिलात हेही येतं.

सर्जन आणि अवजार यांच्यात तारच आहे, तर ती लांब का नको? 7 सप्टेंबर 2001 रोजी फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका महिलेचं पित्ताशय काढलं. 'झ्यूस' नावाचा रोबो वापरला होता. हाताची हालचाल तिकडे पोचून चित्र परत यायला सेकंदाचा सहावा भागही लागत नव्हता.

पक्षाघातानंतर हाताचा व्यायाम करून घेणारेही रोबो असतात. त्यांच्या बाबतीत मात्र गणित उलटं होतं. तिथे रोबोने आज्ञा तंतोतंत पाळून चालत नाही, त्याला हात आखडता घ्यावा लागतो. पेशंटचा हात यंत्रानेच पूर्ण हलवला, तर पेशंट जोर लावणं सोडतो, आणि मेंदूला नवी वाट शोधायला तोच जोर हवा असतो. म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेल्या 'एमआयटी-मॅनस'सारख्या यंत्रांत, पेशंट अडेल तिथेच आणि अडेल तेवढाच आधार देण्यावर भर असतो.

कल्पना पटण्यासारखी आहे, पण निकाल जरा थंड आहेत. ब्रिटनमध्ये 770 पेशंटवर याच यंत्राची चाचणी झाली, अहवाल 2019मध्ये आला. रोबोसोबत सराव केलेल्यांच्या हाताची हालचाल थोडी सुधारली. पण वस्तू उचलणं, अंगात कपडे घालणं अशा रोजच्या कामांत ते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत.