पाइपच्या मुळाशी कोणता रॉड?

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या मोठ्या दाबनलिकांमध्ये माणूस उतरू शकतो आणि सांधा आतूनही वेल्ड करता येतो. सांगलीच्या नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थेचा सहा इंची पाइप किंवा साखर कारखान्यातील वाफेची नळी यांत ती सोय नसते. तिथे सांध्याची आतली बाजू बाहेरूनच घडवावी लागते, आणि ती घडते फक्त पहिल्या थरात, म्हणजे रूट रनमध्ये. तो अर्धवट वितळला, तर वरचे थर कितीही देखणे आले तरी आतली फट तशीच राहते.

रूटसाठी दोन्ही कडा साधारण 30 ते 37.5 अंशांत तासतात आणि मध्ये दोन-तीन मिलिमीटर गॅप ठेवतात. त्या गॅपमध्ये आर्कने, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीने, दोन्ही कडा खाऊन लहानसे कीहोल, म्हणजे आरपार भोक, उघडले पाहिजे. आपल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये सर्रास वापरला जाणारा 6013 क्रमांकाचा वेल्डिंग रॉड इथे कमी पडतो, कारण त्याचा आर्क मऊ असतो, वितळ उथळ राहते आणि स्लॅग, म्हणजे रॉडच्या आवरणाची वितळलेली मळी, धातूच्या पुढे धावून मुळाशी अडकतो. ग्रिल-गेटसाठी तो उत्तम आहे; दाबाच्या पाइपच्या रूटसाठी तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रूटसाठी योग्य रॉड म्हणजे 6010. त्याच्या आवरणात सेल्युलोज असते. ते जळताना हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतात, आर्कचे व्होल्टेज वाढते आणि आर्क जोराने खोल शिरतो. शिवाय स्लॅग पातळ असतो व धातू लवकर गोठतो, त्यामुळे पाइपच्या खालच्या बाजूलाही तो ओघळत नाही. हाच हायड्रोजन मात्र वेल्डमध्येही विरघळतो. सेल्युलोजच्या रॉडने 100 ग्रॅम धातूत 30 मिलिलीटर किंवा त्याहून अधिक हायड्रोजन उतरू शकतो, तर 7018 या कमी हायड्रोजनच्या रॉडच्या एच-4 प्रतीत ही मर्यादा 4 मिलिलीटर आहे. कमी कार्बनच्या साध्या पोलादाला हे सोसते. जाड किंवा जास्त ताकदीच्या पोलादात वेल्डशेजारचा भाग कडक होतो आणि काम संपल्यावर काही तासांनीही तडा जाऊ शकतो. म्हणून अशा पोलादाला आधी तापवतात आणि रूट गरम असतानाच त्यावर हॉट पास, म्हणजे दुसरा थर, मारतात.

साठवणीत तर 6010 आणि 7018 या दोन रॉडांचे नियम परस्परविरोधी आहेत. 7018 चे आवरण कोरडे राहावे म्हणून उघडलेला पुडा सुमारे 120 ते 150 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवतात. 6010 च्या आवरणाला मात्र काही टक्के ओलावा लागतोच. त्याच ओव्हनमध्ये तो ठेवला, तर आर्कचा जोर जातो. पावसाळ्यात सगळेच रॉड काळजीने एका ओव्हनमध्ये भरणाऱ्या शॉपने हे विशेष ध्यानात घ्यावे.

उघड्या गॅपमध्ये 7018 ने रूट मारणे अवघड असते. त्याची खरी जागा वरच्या थरांत आहे. वाफेच्या नळ्यांत रूट बहुधा टिगने, म्हणजे टंगस्टनच्या टोकावरील आर्कने, आर्गन वायूच्या आवरणाखाली घेतात आणि पुढचे थर 7018 ने भरतात.

6010 निवडताना मशीनही पाहावी लागते. हा रॉड डीसीवर, साधारणपणे धन टोकाला जोडून चालवतात, आणि पुरेसे ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्याआधी मशीन देते ते व्होल्टेज) नसलेल्या लहान इन्व्हर्टरवर त्याचा आर्क वारंवार तुटतो. फक्त एसी ट्रान्सफॉर्मर असेल, तर 6011 हा सेल्युलोजचाच रॉड घ्यावा. त्याच्या आवरणातील पोटॅशियममुळे आर्क स्थिर राहतो.