स्पीकरचे वॅट आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी: ॲम्प (ॲम्प्लिफायर) कशावरून ठरवायचा?

"स्पीकर १०० वॅटचे आहेत, मग ॲम्प किती वॅटचा घेऊ?" बेळगावात विचारा, निपाणीत विचारा, खानापुरात विचारा, उत्तर ठरलेलं: "शंभरचाच घ्या, नाहीतर डबल घ्या." उत्तर चुकीचं आहेच, पण मुळात प्रश्नच वाकडा आहे. स्पीकरचे आकडे दोन. एक वॅटचा, पाठीवर ठळक छापलेला. दुसरा डेसिबलचा, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा, बहुतेक वेळा माहितीपत्रकाच्या तळाशी दडलेला. ॲम्प किती मोठा लागेल हे दुसरा सांगतो, आणि वाद मात्र सगळे पहिल्यावरून घालतात.

ॲम्पचे वॅट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असणार: तो स्पीकरला जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतो. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा वाचूच नका, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या वॅटचा आकडा बघा, आणि तोही किती ओहमवर (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), किती विकृतीला (आवाज किती बिघडल्यावर) आणि दोन्ही चॅनेल (डावी-उजवी बाजू) चालू असताना मोजलाय का, ते बघा. अमेरिकेत १९७४ साली जाहिरातींसाठी असा नियमच करावा लागला, यावरून काय ते समजा.

स्पीकरचे वॅट मात्र देण्याचे नसतात, सोसण्याचे असतात. उसाच्या ट्रॉलीवर लिहिलेले टन ती किती माल पेलेल एवढंच सांगतात, ती किती वेगाने धावेल हे नाही. १०० वॅटचा स्पीकर ५० वॅटच्या स्पीकरपेक्षा मोठा वाजतो असं नाही, आणि १०० वॅट मिळाल्याशिवाय तो "उघडत नाही" हेही खोटं. हा 'उघडण्याचा' सिद्धांत ऐकला की डोकं फिरतं.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर समोर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे त्याच्या छापील आकड्यातून ३ वजा केल्याशिवाय ८ ओहमवाल्याशी तुलना करू नका.

आता खरी गोम. डेसिबलचा हिशोब बेरजेचा आणि वॅटचा गुणाकाराचा. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, १० डेसिबलला दहापट. आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प देऊन ६० चा आणला तर पदरात ०.८ डेसिबल. दिवाळीच्या ऑफरमध्ये दहा वॅट जास्त मिळतात म्हणून हजारो रुपये मोजणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. उलट ८६ डेसिबलऐवजी ९० चा स्पीकर घेतला तर त्याच आवाजाला अडीचपट कमी वॅट पुरतात.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एखाद्या स्लॅबच्या घरातला बारा बाय पंधराचा हॉल धरा, खुर्ची स्पीकरपासून दहा फुटांवर. अंतरामुळे साधारण साडेनऊ डेसिबल जातात, दुसऱ्या स्पीकरमुळे तीन परत येतात, भिंतींमुळे अजून दोन-तीन. गोळाबेरीज, सेन्सिटिव्हिटीतून ४ वजा. ८६ चा स्पीकर दोन्ही बाजूंना एकेक वॅट दिल्यावर खुर्चीपाशी ८२ डेसिबल देतो. घरात ८० डेसिबल सरासरी म्हणजे चांगलाच दणदणीत आवाज, आणि तो अर्ध्या-पाऊण वॅटमध्ये झाला! बाकीचे वॅट लागतात ते क्षणभराच्या उसळीसाठी. सरासरीच्या वर १५ डेसिबल मोकळे ठेवा, म्हणजे ९५ पर्यंत जायला हवं. ८६ च्या स्पीकरला त्यासाठी चॅनेलमागे २० वॅट लागतात, ९० च्याला ८, ९६ च्याला फक्त २, आणि त्या गोंडस ८३ डेसिबलच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला ४०. चारही स्पीकरच्या पाठीवर "१०० वॅट" छापलेलं असू शकतं.

आपल्या सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला १५ डेसिबलची ही मोकळीक भरपूर झाली. हलगी किंवा ढोल-ताशाचं आजचं चांगलं रेकॉर्डिंग ऐकत असाल तर २० ठेवा, म्हणजे वरचे सगळे वॅट तिपटीने वाढले. कौलारू घरातल्या उघड्या सोप्यात भिंतींची मदत कमी, तिथे ४ ऐवजी ६ वजा करा. आणि पत्र्याचं छप्पर असेल तर जुलैत खानापूरकडचा पाऊस कोसळताना ऐकायचं सोडून द्या. त्या गोंगाटावर मात करायला लागणारे १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट.

मग "डबल वॅट" कुठून आलं? मंडपातून. गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या सिस्टिमवाल्यांचा तो नियम आहे, आणि तिथे तो शहाणपणाचाही आहे, कारण त्यांच्याकडे लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र) असतो, बेस (खालचे स्वर) आणि टॉपला (वरचे स्वर) वेगळे ॲम्प असतात आणि स्पीकर तासन्‌तास तळपत राहतात. घरात लिमिटर म्हणजे तुमचा हात. ५० वॅटच्या स्पीकरला १०० चा ॲम्प बिनधास्त लावा, काही होत नाही, पाहुणे आल्यावर पोराच्या हाती रिमोट जात नसेल तर.

याच्या उलटची भीतीही अर्धवट आहे: "लहान ॲम्प स्पीकर जाळतो." लहान ॲम्प हळू वाजवला तर जन्मात जाळणार नाही. जाळतं ते क्लिपिंग. ५० वॅटचा ॲम्प ८ ओहमवर २० व्होल्ट देतो, शिखराला २८. त्यापुढे मागितलं तर लाटेचं टोक छाटलं जातं, तेच क्लिपिंग. बेस आधीच छताला टेकलेला असतो, तरी व्हॉल्यूम वाढवत गेलं की झांज, तानपुऱ्याचे वरचे स्वर वाढतच राहतात, आणि छाटलेल्या कडांमधून नवे वरचे स्वर तयार होतात ते वेगळेच. हा सगळा बोजा ट्वीटरवर, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर पडतो. स्पीकरचे १०० वॅट हे संगीतासारख्या मिश्र सिग्नलवर, बहुतांश वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) जिवावर मोजलेले असतात; ट्वीटरची केसासारखी कॉइल सलग मोजकेच वॅट सोसते. "क्लिपिंगमुळे डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) तयार होतो आणि तो ट्वीटर जाळतो" हे तर कृपा करून कुणाला सांगू नका. दोन्ही टोकं सारखी छाटली तर डीसी होत नाही, आणि क्रॉसओव्हरमध्ये (वरचे-खालचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) ट्वीटरच्या आधी कपॅसिटर बसलेला असतो, तो डीसी पुढे जाऊच देत नाही.

बोर्ड आणून ॲम्प बांधणाऱ्यांसाठी एवढंच: बोर्डावरचा आकडा विसरा, सप्लाय (त्याला किती व्होल्ट देणार ते) बघा. टीपीए३११६ या ॲम्प-चिपचा बोर्ड "५० अधिक ५०" म्हणून विकला जातो, पण ते ५० वॅट २१ व्होल्टवर, ४ ओहमला आणि १० टक्के विकृतीला आहेत. सप्लायच्या व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, ८ ओहमचा स्पीकर: १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॅट, तेही कागदावर. २४ व्होल्टवर ३६ येतात, त्यातले ३० हाती लागले असं समजा. जुन्या एलए४४४० चिपचा बोर्ड तर १३.२ व्होल्टवर ४ ओहमला चॅनेलमागे ६ वॅटचा, ब्रिज केला (दोन्ही चॅनेल जोडून एक केले) तर १९. त्यावर "१०० वॅट" चिकटवणाऱ्याला ओहम विचारून बघा.

ओहमचं थोडक्यात. ॲम्पवर "किमान ४" किंवा "किमान ६" लिहिलेलं असेल तर त्याखाली जायचं नाही. ८ ओहमच्या दोन जोड्या ए आणि बी दोन्ही बटणं दाबून वाजवल्या की बहुतेक ॲम्पना त्या ४ दिसतात, ४ च्या दोन जोड्या २. वायर साधी तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, घरगुती वायरिंगची चालते. दहा मीटरला जाऊन-येऊन ०.१५ ओहम, विषय संपला.

आपल्या घरात नक्की किती वॅट लागतात हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजा; साधा मल्टीमीटर पुरतो. ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा साइन टोन (सलग एकसुरी आवाज) तयार करा, ॲम्प्लिट्यूड ०.२५. तो पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खाली येतो. आता नेहमीचं गाणं लावा, तुम्हाला कधीही हवा असेल तेवढा मोठा आवाज करा आणि व्हॉल्यूमला हात लावू नका, फोनच्याही. ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा, ॲम्प चालू करून त्याच फोनवरून टोन वाजवा. वाल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर हे अजिबात करू नका, तो स्पीकरशिवाय चालवायचा नसतो. आलेल्या व्होल्टला ४ ने गुणा, वर्ग करा, स्पीकरच्या ओहमने भागा. ३ व्होल्ट आले तर १२, वर्ग १४४, भागिले ८, म्हणजे १८ वॅट. ८ ओहमवर तुमचा ५० वॅटचा ॲम्प ५ व्होल्टपर्यंत निवांत आहे. आकडा ५ च्या वर गेला तर टोकं छाटली जाताहेत. ७ च्या आत असेल तर १०० वॅटचा ॲम्प निभावून नेईल. १० आले तर मात्र २०० वॅट लागतील, आणि तेवढ्यासाठी ॲम्प शोधत हिंडण्यापेक्षा ९० च्या वरचे स्पीकर घ्या किंवा खुर्ची दहा फुटांवरून सहावर आणा.