मीटर नसलेल्या पथदिव्याचं बिल: वॅट, तास आणि संकेतांकांची पार्श्वभूमी

पथदिव्याला मीटर नसेल तर त्याचं बिल दोन आकड्यांवर निघतं: दिवा किती वॅट खातो आणि रात्रीतून किती तास जळतो. दोन्हींचा गुणाकार केला, हजाराने भागलं की युनिट मिळतात. प्रत्येक प्रकारच्या दिव्यासाठी हे आकडे आधीच ठरवून त्यांना क्रमांक द्यायचा, हाच बिलाचा संकेतांक. गणित चौथीतल्या पोरालाही जमेल असं आहे. विदर्भातल्या गावांत घोळ होतो तो यादीत, म्हणजे खांबावर प्रत्यक्षात काय लटकतंय आणि कागदावर काय आहे यातल्या फरकात.

1956 पर्यंत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता, नंतर चार वर्षं द्विभाषिक मुंबई राज्यात. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि त्यापुढच्या दोन-तीन दशकांत इथली बहुतेक खेडी उजळली. खांबावर तेव्हा साधा बल्ब असे. बल्बवर 60 वॅट छापलेलं असलं तर तो 60 वॅटच खाणार, त्यामुळे बल्ब मोजले की भार कळायचा. ट्यूबलाइट आली आणि छापील आकडा पहिल्यांदा खोटा ठरला. 40 वॅटच्या पट्टीसोबत तांब्याच्या तारेचा चोक असतो आणि तो स्वतः 12 ते 15 वॅट खातो, म्हणजे दिवा प्रत्यक्षात 52 ते 55 वॅटचा. 70 वॅटचा सोडियम दिवा चोकसकट 80 च्या पुढे जातो, 250 चा 275 च्या आसपास. तरी प्रकार मोजकेच होते. पाच-सहा ओळींच्या तक्त्यात अख्खा तालुका बसायचा आणि तो तक्ता जुन्या वायरमनला तोंडपाठ असायचा.

वीज कायदा 2003 च्या कलम 55 ने दोन वर्षांच्या आत मीटरशिवाय वीजपुरवठा बंद करायला सांगितलं, पण ही मुदत वाढवण्याची मुभा नियामक आयोगाला ठेवली. कृषिपंपांच्या बाबतीत काय झालं ते विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. विनामीटर पंपाचं बिल अश्वशक्तीवर निघत राहिलं. दर-आदेशात त्यासाठी वर्षाला प्रति अश्वशक्ती 1,318 तासांच्या वर आणि खाली असे परिमंडळांचे दोन गट पडले. नागपूर आणि अमरावती खालच्या गटात आली. वॅट (इथे अश्वशक्ती) गुणिले मानलेले तास, ही पद्धत आपल्याकडे अशी जुनी आहे. पथदिव्यांना मीटर बसले, पण मीटर जळालं, पेटी फुटली की बिलावर ‘फॉल्टी’ असा शेरा येतो आणि बिल पुन्हा अंदाजावर जातं. कागदावर मीटर आहे, हिशेब मात्र विनामीटरचा, अशी जोडणी शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पैसे कोण भरतं, याचाही यादीवर परिणाम झाला. अनेक वर्षं ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांचं बिल शासनाच्या अनुदानातून परस्पर भागायचं. बिल आपल्याला भरायचं नाही म्हटल्यावर दिवे कोण मोजणार? 2021 मध्ये थकबाकीवरून गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिल भरायला सांगण्यात आलं, तेव्हा कुठे ग्रामपंचायतींच्या सचिवांनी बिलावरचा ‘मंजूर भार’ नीट वाचला. दरम्यान खांबावरचा दिवा बदललेला होता. 5 जानेवारी 2015 ला केंद्राचा राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाला, त्याशिवाय आमदार निधी, दलित वस्ती सुधार, वित्त आयोग अशा वेगवेगळ्या हेडमधून, वेगवेगळ्या ठेकेदारांनी एलईडी लावले.

एलईडीने जुना तक्ता मोडला. 18, 20, 24, 35, 45, 70 असा कुठलाही वॅट मिळतो, आणि 24 वॅट छापलेल्या दोन कंपन्यांच्या दिव्यांत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, वेगवेगळा करंट खातो. दिव्यांच्या मानकातही प्रत्यक्ष वापर छापील आकड्यापेक्षा 10 टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी चालतो. समजा गावात 60 दिवे आहेत. चोकसकट 54 वॅटच्या ट्यूब असताना रोज 12 तास धरून महिन्याला 1,166 युनिट निघायचे. 20 वॅटचे एलईडी लावले आणि ते प्रत्यक्षात 22 खात असले तर 475. छापील आकडा धरला तर 432. यादी बदललीच नाही, तर ग्रामपंचायत महिन्याला जवळजवळ 700 युनिट फुकट भरते. 20 की 22 हा वाद त्यापुढे किरकोळ आहे, पण बैठकीत तास जातो तो त्यावरच.

ब्रिटनने ही अडचण संकेतांकांनी सोडवली. तिथे 2001 च्या नियमांनुसार भार अंदाज बांधता येण्याजोगा असेल, आणि शिवाय तो 500 वॅटपेक्षा कमी असेल किंवा मीटर लावणं परवडणारं अथवा शक्य नसेल, तर विनामीटर पुरवठा चालतो. प्रत्येक उपकरणाला 13 अंकी संकेतांक आहे आणि त्यामागे चोक किंवा ड्रायव्हर धरून मोजलेले वॅट आहेत. दिवा कधी लागतो आणि कधी विझतो यासाठी वेगळा तीन अंकी संकेतांक आहे. रात्रभर, अर्धी रात्र, किंवा प्रकाशसंवेदक किती लक्सला (उजेडाच्या एककाला) चालू-बंद होतो, तेही त्यात येतं. मोलाची गोष्ट आहे ती वॅट आणि तास वेगळे ठेवण्याची. आपल्या वीजबिलावरचा दर-संकेतांक ग्राहकाचा वर्ग सांगतो, दिव्याबद्दल काही सांगत नाही.

तासांचा हिशेब विदर्भात वेगळा करावा लागतो. नागपूरकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनअखेर सातच्या आसपास. रात्र जूनमध्ये साडेदहा तासांची, डिसेंबरात तेरा तासांची. सरसकट 12 तास धरले तर वर्षाचे 4,380 होतात. संधिप्रकाशात दिवा बंद ठेवणारा संवेदक असेल तर साधारण 4,100. फरक सहा टक्क्यांचा. भारनियमनाच्या काळात तर दिवे कितीतरी तास बंदच असायचे आणि सरसकट 12 तासांच्या आकड्यात ते कुठेच दिसायचे नाहीत. गावठाण फीडर, म्हणजे गावाच्या वीजवाहिन्या, शेतीच्या वाहिन्यांपासून वेगळे झाले तेव्हा तास पुन्हा बदलले.

उलट बाजूही आहे. इथल्या लघुदाब लाइनवर तीन फेज, न्यूट्रल आणि पथदिव्याची पाचवी तार असते. डीपीवरचा (रोहित्रावरचा) टायमर किंवा दिवे चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर जळाला की पाचवी तार थेट फेजला जोडून दिली जाते आणि दिवे भरदुपारी जळतात. त्याच तारेवर मंडपाचे आकडे, म्हणजे वीज चोरायचे हुक, पडतात. न्यूट्रल सैल झाला तर दिव्यांवर 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळ दाब येतो आणि एका रात्रीत दहा-पंधरा ड्रायव्हर जातात. पावसाळ्याच्या तोंडावरच्या विजा वेगळ्याच. मेलेले दिवे यादीत मात्र जळतच राहतात.

म्हणून संकेतांक लावायच्या आधी मोजणी हवी, आणि तीही टोंग टेस्टर (तारेभोवती पकडून करंट मोजायचं साधन) एका दिव्यावर लावून होत नाही. 22 वॅटचा दिवा 0.1 अँपिअर ओढतो, त्याला टोंग नीट दाद देत नाही. रात्री डीपीपाशी पाचव्या तारेवर सगळा करंट एकदम मोजावा. वरच्या 60 दिव्यांचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण) 0.9 असेल तर 6.4 अँपिअर यायला हवेत. त्याला नुसतं 230 ने गुणलं तर 1,472 वॅट येतात, खरे आहेत 1,320. स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर 0.55 असेल तर तोच भार 10 अँपिअरच्या वर दिसतो आणि गाव विनाकारण चोर ठरतं. वॅटमीटर लावला तर हा प्रश्नच उरत नाही. आकडा तरीही जास्त आला, तर आधी तारेवरचे चोरीचे हुक काढून पुन्हा मोजावं.

यादीत प्रत्येक ओळीला डीपीचा डीटीसी कोड (रोहित्राचा क्रमांक), खांब क्रमांक, दिव्याचा संकेतांक, तासांचा संकेतांक आणि बसवल्याची तारीख एवढं पुरतं. मेलेल्या दिव्याच्या ओळीवर शून्य वॅटचा संकेतांक टाकावा. ओळ खोडली तर दिवा दुरुस्त झाल्यावर ती परत कोणी लिहीत नाही. अकरानंतर निम्म्यावर मंद होणाऱ्या दिव्याला तासांच्या दोन नोंदी लागतात, आणि मंद झाल्यावरचे वॅट वेगळे मोजावे लागतात, कारण निम्म्या उजेडाला ड्रायव्हर बरोबर निम्मीच वीज घेईल असं नाही. वायरमन आणि सचिव या दोघांच्या सह्यांची प्रत वीज कंपनीच्या उपविभागात जमा करून पोच घ्यावी, नाहीतर पुढच्या महिन्याच्या बिलावर जुनाच मंजूर भार येतो.