तळहाताएवढ्या बोर्डावर नेटवर्कचा रोजनामा

"काल रात्री नेट फार सावकाश चालत होतं," असं कोणी म्हणालं की विचारपूस तिथेच अडते. किती सावकाश? किती वाजता? सगळ्यांचंच, की एकाच खोलीतलं? तक्रार खरी असते, पण तिच्यापाशी पुरावा नसतो. सकाळी तपासायला बसावं तर सगळं सुरळीत, ताप उतरल्यावर डॉक्टरांकडे गेल्यासारखं. नेटवर्कची बहुतेक दुखणी अशीच तासाभरापुरती येतात आणि निघून जातात. ती पकडायची तर कोणीतरी चोवीस तास जागं राहून दर काही मिनिटांनी नोंद ठेवायला हवी.

रास्पबेरी पायसारख्या एकाच बोर्डावर मावणाऱ्या संगणकाला हे काम छान जमतं. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला रास्पबेरी पाय विक्रीला आला. बोर्डाचा आकार साधारण ८५ बाय ५६ मिलिमीटर, वीज मोजक्या वॅटची. एवढ्या जिवाला देखरेख झेपेल का, ही शंका सहज येते. पण देखरेख म्हणजे पन्नास यंत्रांना दर पाच मिनिटांनी एकेक छोटा प्रश्न विचारणं आणि आलेला आकडा लिहून ठेवणं. जुना बोर्डही ते करतो. फक्त त्याला वायफायवर न ठेवता केबलने राउटरला किंवा स्विचला (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडावं, नाहीतर वायफायचा स्वतःचा विलंब प्रत्येक मोजमापात मिसळतो. त्याच्या मेमरी कार्डावर लिनक्स या कार्यप्रणालीची हलकी, पडद्याविना चालणारी आवृत्ती टाकावी, राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा, आणि पुढचं सगळं काम दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राला सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीने, करावं.

सर्वांत साधा प्रश्न म्हणजे पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. एक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवायचं, समोरच्या यंत्राने ते परत करायचं, मध्ये गेलेला वेळ मोजायचा. या वेळेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली अंतराची. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरवर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद लागणारच. दुसरी गोष्ट रांगेत थांबण्याची. अंतर रोज बदलत नाही, रांग मात्र क्षणाक्षणाला बदलते. म्हणून दर पाच मिनिटांनी एकच पिंग पाठवण्यापेक्षा वीस पाठवावेत. सर्वांत कमी वेळ अंतर सांगतो, आणि वीस वेळांमधली तफावत गर्दी सांगते. स्मोकपिंग नावाचं साधन नेमकं हेच करतं आणि ती तफावत धुरासारख्या करड्या पट्ट्यात रंगवतं. एक सावधगिरी: वाटेतले मोठे राउटर इतरांची पॅकेटं पुढे ढकलण्याला प्राधान्य देतात, स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं त्यांच्या लेखी दुय्यम असतं. मधल्याच एखाद्या राउटरने उत्तरं गाळली आणि शेवटचं ठिकाण नीट उत्तर देत असेल, तर त्या मधल्या राउटरला दोष देऊ नये.

आता वाहतुकीचं. बोर्ड नेटवर्कला जोडला की सगळ्यांची वाहतूक त्याला दिसेल, हा मोठा गैरसमज आहे. स्विच प्रत्येक पॅकेट ज्याचं त्याच्याच केबलवर टाकतो, शेजारच्या खोलीतलं जवळजवळ काहीच या बोर्डापर्यंत येत नाही. त्यामुळे स्विचलाच विचारावं लागतं, आणि त्यासाठी १९८८ पासून एसएनएमपी नावाची ठरलेली भाषा आहे. प्रत्येक पोर्टवरून (केबल जोडायच्या खाचेतून) आजवर किती बाइट गेले याचा एक गणक स्विचमध्ये सतत वाढत असतो, गाडीतल्या किलोमीटरच्या आकड्यासारखा. दोन वाचनांमधला फरक काढला, त्याला मधल्या वेळेने भागलं, की वेग मिळतो.

इथे एक फार सुंदर फसगत दडलेली आहे. जुना गणक ३२ बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १०० मेगाबिटची वाट (८ बिट म्हणजे १ बाइट) पूर्ण भरून वाहत असेल तर याला सुमारे ३४४ सेकंद लागतात. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, तेव्हा दोन वाचनांमध्ये गणक फार तर एकदाच फिरतो आणि प्रोग्रॅम हिशोब जुळवून घेतो. तीच वाट १ गिगाबिटची झाली की गणक ३४ सेकंदांत भरतो. पाच मिनिटांत आठ-नऊ फेऱ्या होऊन जातात आणि प्रोग्रॅमला त्यांचा पत्ताच नसतो. आलेख दिसायला निर्मळ, पण वेग कितीतरी पट कमी दाखवणारा. उपाय सोपा आहे: ६४ बिटांचे गणक वाचायचे. पण हे ठाऊक नसेल तर माणूस सर्वांत गर्दीच्या वाटेलाच मोकळी समजून बसतो.

नोंदींचा ढीग कुठे ठेवायचा? दर पाच मिनिटांनी एक म्हटलं तरी वर्षाला एका आलेखाच्या १,०५,१२० नोंदी होतात. टोबियास ओटिकर यांच्या आरआरडीटूल या नोंदी साठवून आलेख काढणाऱ्या साधनाचं उत्तर मला अजूनही थक्क करतं: फाइल पहिल्या दिवशीच पूर्ण आकाराची बनवायची आणि मग ती कधीच वाढू द्यायची नाही. ताज्या दोन दिवसांचा तपशील पाच-पाच मिनिटांचा, दोन आठवड्यांचा अर्ध्या तासाचा, दोन महिन्यांचा दोन तासांचा, दोन वर्षांचा दिवसाचा. जुनं ते सरासरीत विरघळत जातं, आपल्या आठवणींसारखंच. मात्र सरासरी शिखरं खाऊन टाकते. ३० सेकंद तुडुंब भरलेली आणि बाकी वेळ रिकामी वाट पाच मिनिटांच्या सरासरीत १० टक्के दिसते, आणि दिवसाच्या सरासरीत दिसतही नाही. म्हणून सरासरीबरोबर कमाल आकडाही जपायला सांगावं.

एवढं सगळं लिहिलं जातं ते मेमरी कार्डावर, आणि या बोर्डाची दुखरी नस तीच आहे. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत जुन्यावर नवं थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ठोकळा पुसावा लागतो, आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसला जाऊ शकतो. आठ बाइटांचा आकडा बदलायला त्याच्या शेकडो पट जागेची झीज होते. माझं पहिलं कार्ड आठ महिन्यांत गेलं. वाचता येत होतं, लिहिलं मात्र काहीच जात नव्हतं. तेव्हापासून नोंदी आधी रॅममध्ये (तात्पुरत्या स्मृतीत) साठवून तासाभराने एकदम उतरवतो. त्यासाठी आरआरडीकॅशडी हा प्रोग्रॅम आहे. यूएसबीने एसएसडी, म्हणजे जास्त टिकाऊ डिस्क, जोडली तर आणखी उत्तम.

दुसरी उणीव घड्याळाची. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बंद पडल्यावरही चालत राहणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये ते आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली, परत आली, बोर्ड सुरू झाला, तर खरी वेळ तो नेटवरून विचारतो. आणि नेटच बंद असेल तर? ज्या बिघाडाची नोंद ठेवायची, नेमकी त्याचीच वेळ चुकीची लागते. बॅटरीवर चालणारं छोटं घड्याळ जोडलं की हे टळतं.

सूचनेचंही तसंच आहे. "नेट बंद पडलं" हा निरोप त्याच नेटवरून कसा जाणार? म्हणून उलटी रीत ठेवावी: बोर्डाने दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हरला "मी आहे" असं कळवायचं, आणि ती हाक थांबली की त्या सर्व्हरने आपल्याला उठवायचं. यात बोर्ड मेला तरी कळतं. बाकी थोडक्यात: अडॅप्टर दमदार हवा, पासवर्ड आपला हवा, आणि बोर्डाचं पान बाहेरच्या इंटरनेटला उघडं ठेवू नये.

माझ्याकडच्या "रात्री सावकाश" या तक्रारीचा उलगडा दोन आलेख एकाखाली एक ठेवल्यावर झाला. रात्री ९ च्या सुमारास अपलोडची रेघ कमाल वेगाला टेकून सपाट झालेली, आणि त्याच क्षणी पिंग १२ मिलिसेकंदांवरून ३०० च्या पुढे. १० मेगाबिटच्या वाटेपुढे १ मेगाबाइटचा साठा तुंबला तर शेवटच्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं, आणि राउटरमध्ये तेच घडत होतं. एक संगणक रोज त्या वेळी स्वतःच्या फाइलींची प्रत बाहेर पाठवत होता. ते काम पहाटे ३ वर नेलं. त्या रात्री ९ नंतरही पिंगची रेघ १२ वरून हलली नाही.